इंजिनघरातले तळेकर मामा

वीज गेली की माणसं पंख्याकडे बघतात. तळेकर मामा घड्याळाकडे बघायचे. पंख्याची पाती अजून गरगरत असायची, कुणीतरी "गेली वाटतं" म्हणत असायचं, तोवर मामा खुर्चीतून उठून इंजिनापाशी पोचलेले असायचे. चाळीस सेकंद. वीज गेल्यापासून दवाखान्याचे दिवे परत लागेपर्यंत त्यांनी स्वतःला एवढाच वेळ दिला होता. हा नियम कुठल्या परिपत्रकात आहे, हे मी नोकरीला लागल्यावर शोधलं होतं. कुठेच नव्हता. तो त्यांनीच कधीतरी ठरवला होता आणि एकतीस वर्षं पाळत आले होते.

सोलापुरात भवानी पेठेच्या अंगाला पालिकेचा बाळंतपणाचा आणि लहान मुलांचा दवाखाना आहे. त्याच्या मागे, पाण्याच्या उंच टाकीखाली, दगडी भिंती आणि वर पत्रा असलेली एक लांबट खोली. कागदोपत्री तिचं नाव मोठं होतं, आपत्कालीन वीजनिर्मिती केंद्र. बोलताना सगळे तिला इंजिनघर म्हणत. आत डिझेलवर चालणारी दोन इंजिनं. मामा त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणत. वीज गेली की ही दोघं मिळून दवाखाना आणि शेजारचे पाणी चढवायचे पंप सांभाळत. तिथे मी कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. मी मंगळवेढ्याची, पुण्यात शिकलेली, आणि खरं सांगायचं तर इंजिनघर मिळालं म्हणून थोडी नाराजच होते.

पहिल्याच सोमवारी मामांनी धाकटं इंजिन चालवायला काढलं. वीज असो नसो, दर सोमवारी अकरा वाजता दोन्ही इंजिनं आळीपाळीने चालवून बघायची, हा त्यांचा दुसरा नियम. खाकी सदरा, कोपरापर्यंत नेमक्या घड्या घातलेल्या बाह्या, बारीक अंग, कान जरा पुढे आलेले. त्या दणदणाटात ते मला म्हणाले, "मॅडम, इंजिनेर व्हय?"

"हो."

"मग हितं हात लावा."

मी लावला.

"काय म्हनतंय?"

"गरम आहे," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. "गरम तर हायच. अजून?"

त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. "तीन नंबरचं सिलिंडर खोकतंय. ऐका." मला नुसता गोंगाट ऐकू आला. पुढच्या सोमवारी मामांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. असे आठ महिने गेले. नवव्या महिन्यात एकदा त्या गोंगाटातून सहा ठोके वेगवेगळे सुटून आले, आणि त्यातला पाचवा किंचित उशिरा पडतोय असं मला वाटलं. मी मामांकडे बघितलं, पाच बोटं दाखवली. ते तोवर टाकाऊ सुताच्या बोळ्याने काहीतरी पुसायला लागले होते. "आलं की मग," एवढंच म्हणाले. सहा वर्षांत माझं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक.

मामा करमाळा तालुक्यातल्या केमचे. कुंकवासाठी ते गाव सगळ्यांना माहीत आहे. पण मामांचं लहानपण कुंकवाच्या नव्हे, पिठाच्या धुरळ्यात गेलं. वडील गावातल्या एका पिठाच्या गिरणीवर कामाला होते आणि ती गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. शाळा सातवीपर्यंत. पुढे सोलापूरला आले, पालिकेत मदतनीस म्हणून लागले आणि इंजिनघरातच ऑपरेटर झाले. त्यांच्याविषयीची एवढी माहितीही मला पाच-सहा वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळाली. स्वतःबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती.

इंजिनघराची फरशी ते स्वतः पुसत. शिपाई होता, पण त्याला हात लावू देत नसत. इतकी स्वच्छ कशाला, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तेलाचा एक थेंब पडला तर दिसला पायजे. थेंब कुटं पडलाय बघितलं की कुटनं गळतंय ते कळतं. फरशीच घाण असल्यावर काय कळनार?" दुपारची भाकरी आणि शेंगाचटणी ते दारात उभ्यानेच खात, कारण तिथून पॅनेलवरचा वीज असल्याचा तांबडा दिवा दिसायचा. कुणी इंजिनघराला 'बॅकअप' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "आपन दुसरे न्हाय," ते म्हणत. "ती गेल्यावर आपनच पयले."

रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. तो इतका खाली गेलेला मी एकदाच ऐकला. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. डिझेलचा टँकर आला. मामांनी नेहमीप्रमाणे खालच्या नळातून एका काचेच्या बाटलीत डिझेल घेतलं आणि बाटली कठड्यावर ठेवून दिली. टँकरवाल्याला म्हणाले, "बसा अर्दा तास." अर्ध्या तासाने बाटलीच्या बुडाशी बोटभर पाणी साचलेलं दिसत होतं.

"थोडं असतंच हो मामा," टँकरवाला म्हणाला. "सगळीकडं चालतं."

"सगळीकडं चालू द्या. हितं चालनार न्हाय."

टँकरवाल्याने कुणाला तरी फोन केला. त्या कुणीतरी आमच्या साहेबांना केला, साहेबांनी मला. आमची डिझेलची टाकी निम्म्यावर आली होती, पुढे सलग सुट्ट्या होत्या. साहेबांचं म्हणणं, बघा, काहीतरी मार्ग काढा. मी मार्ग काढायला निघाले. मामांना म्हणाले, "मामा, गाळून घेऊ या का?"

मामा टाकीच्या झाकणावर बसले होते. त्यांनी टाकीची किल्ली माझ्या एका हातात दिली आणि ती बाटली दुसऱ्यात. मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "तुमी म्हनाल तर मी उटतो, मॅडम. फकस्त वहीत लिवा की बाटली बगितली आनि मग घेतलं. खाली सही करा."

मी त्या बाटलीकडे बघत उभी राहिले. ते पाणी इंजिनात गेलं तर इंजिन चालू होईल, नीट चालेलही, आणि ऐन गरजेच्या वेळी मध्येच थांबेल. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. सही करायला सांगितल्यावर ते खरं वाटायला लागलं. मी टँकर परत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा आला, स्वच्छ. मामांनी त्या प्रसंगाचा पुढे कधी उल्लेखसुद्धा केला नाही.

त्यांच्या लॉगबुकात दर सोमवारच्या नोंदी असत. इंजिन किती वेळ चालवलं, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात मात्र नुसता एक आकडा असायचा. सात. पाच. अकरा. नऊ. कसला, ते लिहिलेलं नसायचं. मला वाटलं असेल एखादं जुनं माप. एकदा वरून तपासणी येणार होती म्हणून मी विचारलं, तर मामा चक्क लाजले. "ते असंच हाय," म्हणाले आणि बाहेर गेले.

उत्तर मला पद्मा सिस्टरकडून मिळालं. दवाखान्यात अशक्त जन्मलेल्या, वेळेआधी आलेल्या बाळांची खोली आहे. तिथल्या त्या प्रमुख. घर भवानी पेठेतच, माहेरी-सासरी कापडाच्या मागावर काम करणारी माणसं, घरात तेलुगू आणि बाहेर खणखणीत सोलापुरी मराठी. त्या म्हणाल्या, "काय ओ मॅडम, तुम्हाला माहीत नाही? मामा दर सोमवारी येतात की. काचेबाहेर उभं राहतात, चपला काढून. 'सिस्टर, आज किती?' विचारतात. मी सांगते. मान हलवतात आणि जातात. मी इथं लागले तेव्हापासनं बघते."

मी परत येऊन जुन्या वह्या काढल्या. कपाटाच्या तळापर्यंत वह्या होत्या. आम्ही इंजिनावरचा भार किलोवॉटमध्ये मोजतो. या माणसाने तो बाळांमध्ये मोजला होता, आणि तोही एकही सोमवार न चुकवता. मी त्या वह्या होत्या तशा कपाटात परत लावून ठेवल्या.

आता त्या दिवसाचं सांगते. मे महिना होता. थोरलं इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेलं, त्याचा वरचा भाग कारखान्यात गेलेला. दुपारी साडेबाराच्या सुमारास आभाळ तपकिरी झालं आणि असा वारा सुटला की समोरचं काही दिसेना. झाडं पडली, त्यांच्याबरोबर तारा तुटल्या आणि आमच्या भागाची वीज गेली. मामांनी धाकटं चालू केलं. अडतीस सेकंद.

दोनच्या सुमारास मामा बोलता बोलता थांबले. मान कलती करून उभे राहिले. मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं.

"पानी फिरंना," ते म्हणाले.

इंजिनात थंडाव्याचं पाणी फिरवणारा छोटा पंप असतो. त्याचं बेअरिंग गेलं होतं. कुणाची चूक नव्हती. आदल्याच सोमवारी ते ठणठणीत होतं. लोखंडच ते, एक दिवस जातं. पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं आणि काही मिनिटांत कायमचं अडकून बसतं. काटा आमच्या डोळ्यांसमोर चढत होता. "बंद करावं लागंल," मामा म्हणाले.

मी वॉर्डात फोन लावला. पद्मा सिस्टर म्हणाल्या, "नऊ बाळं आहेत, मॅडम. दोन श्वासाच्या मशीनवर. मशीनची बॅटरी वीस मिनिटं चालती, त्यातल्या एकीचा तर भरवसाच नाही." दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं म्हटलं तर फाटकासमोरच कडुलिंब आडवा झालेला, ॲम्ब्युलन्स आतच अडकलेली. मामांनी माझ्या हातून फोन घेतला. "सिस्टर, तळेकर बोलतोय. वीस मिंटं द्या मला." आणि इंजिन बंद केलं.

पुढचं मी बघत होते आणि सांगतील ते हातात देत होते, एवढंच माझं काम. मामांनी पंपाकडे जाणारा पाइप खोलला. उकळत्या पाण्याचा फवारा उडाला आणि त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्यांनी नुसता पान्हा डाव्या हातात घेतला. "वॉचमनला म्हनावं बागेचा रबरी पाइप आन." आमच्या डोक्यावर ती पाण्याची उंच टाकी होतीच. तिच्या इंजिनापाशीच असलेल्या नळाला पाइपचं एक टोक, दुसरं इंजिनाच्या पोटात, आणि गरम पाणी बाहेर पडायच्या जागेवरून दुसरा पाइप थेट गटारात. पंप नको, उंचावरून पाणी आपल्या वजनाने येईल, आतून फिरेल आणि निघून जाईल. "केमला गिरनीचं इंजिन असंच थंड व्हायचं," ते पाइप आवळता आवळता म्हणाले. "हौदाच्या पान्यावर."

अकरा मिनिटांत सगळं जोडून झालं. मला वाटलं आता पाणी सोडणार. मामा एका उपड्या डब्यावर बसले. एक हात ओल्या फडक्यासकट इंजिनावर, डोळे घड्याळावर.

"मामा, सोडा ना पाणी!"

"थांबा."

वॉर्डातले डॉक्टर धावत आले. एका मशीनची बॅटरी संपली होती, पद्मा सिस्टर एका बाळाला हाताने फुगा दाबून श्वास देत होत्या. मामांना बसलेलं बघून डॉक्टर ओरडले, "बसलाय काय? सुरू करा!"

मामांनी मान वर केली नाही. आवाज अगदी खाली गेला. "डॉक्टर, लोखंड तापलंय. आत्ता गार पानी घातलं तर तडकंल. मग आज न्हाय नि उद्या न्हाय. तुमी वर जावा. मी आलोच."

चार मिनिटं. मी आयुष्यात बरीच माणसं काम करताना बघितली आहेत. काहीच न करता इतकं अवघड काम करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. सगळे ओरडत होते, वॉचमन रडकुंडीला आला होता, आणि हा भाजल्या हाताचा माणूस लोखंड थंड व्हायची वाट बघत बसला होता. मग ते उठले. नळ केसभर उघडला. दुसऱ्या टोकातून आधी वाफ आली, मग उकळतं पाणी, मग नुसतं कढत. त्यांनी बटण दाबलं. धाकटं एकदा अडखळलं आणि लागलं.

अठरा मिनिटं झाली होती.

पुढे चार तास ते हलले नाहीत. बाहेर पडणाऱ्या पाण्यात डावा हात, भाजलेला उजवा नळावर. पाणी जास्त गरम लागलं की नळ थोडा उघडायचा, गार लागलं की थोडा आवळायचा. मी म्हणाले, मामा, मी बसते. "तुमी टाकी बगा," ते म्हणाले. "ती रिकामी झाली तर मग काय न्हाय." पाणी चढवायचे पंप आम्ही इंजिनावरचा भार कमी करायला बंदच ठेवले होते, त्यामुळे टाकी उतरत होती. मी फोन करकरून अग्निशमनची गाडी बोलावली. त्यांनी झाड कापून वाट केली आणि टाकी भरून दिली. साडेसहाला पॅनेलवरचा तांबडा दिवा लागला. मामांनी लगेच इंजिन बंद केलं नाही. भार काढून दहा मिनिटं नुसतं चालू दिलं, थंड होऊ दिलं, मग बंद केलं.

नऊच्या नऊ बाळं सुखरूप होती. हे सांगायला पद्मा सिस्टर स्वतः खाली आल्या. त्यांनीच मामांच्या हाताला मलमपट्टी केली. चहा आला, पण मामांनी कप तसाच बाजूला ठेवला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, लई भ्यालो वतो मी. ती चार मिंटं मोजत वतो, पन आकडाच पुडं सरकंना."

पालिकेने सत्कार ठरवला. मामा गेले नाहीत. मी घरी जाऊन विचारलं, का? ते खरोखर गोंधळले. "सत्कार कशाचा? अठरा मिंटं बंद वतं की." लॉगबुकातही त्यांनी तेवढंच लिहिलं होतं: पाण्याचा पंप बिघडला, अठरा मिनिटे बंद. शेऱ्यात नऊ. मला त्यात आणखी दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यांनी वही दिली नाही.

वर्षभरात नवा संच आला. वीज गेली की आपोआप सुरू होणारा, माणसाची गरज नसलेला. पहिल्या चाचणीला मी मुद्दाम मामांना बोलावलं आणि बोलावल्यावर वाटलं, नको होतं बोलवायला. वीज बंद केली. संच स्वतःच जागा झाला आणि नवव्या सेकंदाला दिवे लागले. मामा घड्याळाकडे बघत होते. मग त्या संचाजवळ गेले, त्याच्या भोवतीने एक चक्कर मारली. त्यांच्या चेहऱ्यावर मला शोधूनही दुःख सापडलं नाही. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. "नऊ सेकंदांत?" ते म्हणाले. "लई झालं की. पोरांना कळनारसुदीक न्हाय लाईट गेलेली." त्या महिनाअखेरीस ते निवृत्त झाले आणि केमला राहायला गेले.

गेल्या वर्षी मला पुण्याला जायचं होतं. दुपारची गाडी केमला थांबणारी होती. मी सकाळी मामांना फोन केला, "मामा, दोन मिनिटं गाडी थांबते. मी दारातच उभी राहते." त्यांनी डब्याचा नंबर दोनदा विचारून घेतला. "मी येतो," म्हणाले.

गाडी केमला लागली. फलाटावर फारसं कुणी नव्हतं. माझा डबा जिथे थांबला, त्याच्या बरोबर समोरच्या बाकावर मामा बसलेले होते. नेमके माझ्या दारासमोर. खाकीऐवजी पांढरा सदरा, शेजारी ज्वारीची एक पिशवी, तोंड सुतळीने बांधलेली. आणि मामा झोपले होते. पाठ बाकाला टेकलेली, तोंड किंचित उघडं, छाती संथ वरखाली होत असलेली, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले. गाडी एवढी धडधडत येऊन थांबली, चहावाला ओरडत गेला, पण त्यांना पत्ता नव्हता.

मी खाली उतरले. चार पावलांवर गेले. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. सहा वर्षांत मी या माणसाला डोळे मिटलेलं कधी बघितलं नव्हतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि त्यांना हलवायला हात पुढे केला. "सकाळधरनं बसल्यात वाट बघत. उठवू व्हय?"

मी मान हलवली. "नको. झोपू द्या."

गाडीने शिटी दिली. मी चढून दारात उभी राहिले. फलाट मागे सरकायला लागला, आणि ते दिसेनासे होईपर्यंत मी बघत होते. मामा एकदाही हलले नाहीत.